वेशीबाहेरच्या एकशेवीस पिशव्या

लाल शाईची चौकट घरीच राहिली, हे विनीता घाडीच्या लक्षात आलं तेव्हा सोमवारची सकाळ होती. घर दीड किलोमीटरवर होतं, आणि तिथे तिला जाता येणार नव्हतं.

आचऱ्याची गावपळण सुरू होऊन एक रात्र उलटली होती. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की तीन दिवस आणि तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर येऊन राहतं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. घरांना कुलपं लागतात, चुली थंड पडतात, आणि गावात परतण्याचा कौल मिळेपर्यंत वेशीच्या आत कुणी पाऊल टाकत नाही. माळावर झावळ्यांच्या आणि ताडपत्रीच्या राहुट्या उभ्या राहिल्या होत्या. एकीकडे भजन चाललं होतं, दुसरीकडे पोरं क्रिकेट खेळत होती. विनीता मात्र आपल्या राहुटीत उकिडवी बसून त्याच सामानात चौथ्यांदा हात घालत होती. काळ्या शाईची चौकट होती. शाईचे डबे होते, रबराची पट्टी होती, घडीचं टेबल होतं. लाल चौकट नव्हती. ती धुऊन पडवीच्या दाराआड वाळत ठेवली होती, ती तिथेच राहिली होती.

विनीता मूळची नांदगावची. लग्नाआधी कणकवलीच्या एका छापखान्यात ती हे काम शिकली. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणायची, अक्षरं तेवढी मोकळी ठेवून बाकीची जाळी बुजवायची, आणि वर शाई घालून रबराची पट्टी ओढायची, की खालच्या कापडावर अक्षर उमटतं. आचऱ्यात सून म्हणून आल्यावर तिने पडवीतच छपाई मांडली. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. घरात ती आणि सासरे दाजी. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांवरची नावं, भजनी मंडळांचे बॅनर, असं वीस वर्षं तिने दुसऱ्यांचे शब्द छापले आणि कानामात्रेची चूक कधी होऊ दिली नाही.

तिचे स्वतःचे शब्द छापायची वेळ आली ती धनेशमुळे. धनेश शेजारच्या घरातला. मुंबईत सात वर्षं मालिकांचे संवाद लिहून कंटाळला आणि परत आला. माडीवरच्या खोलीत गोधड्या टांगून त्याने पॉडकास्ट सुरू केला, ‘सीन पयलो’. दर शुक्रवारी पाऊण तास, निम्मं मराठीत, निम्मं मालवणीत, पटकथा कशी लिहायची ते तो सांगे. प्रसंग कुठे धरायचा, कुठे सोडायचा, माणसाच्या तोंडी काय घालायचं आणि काय नाही. विनीता छापताना ते मोबाइलवर लावून ठेवी.

एकदा त्याने आपणच लिहिलेला प्रसंग वाचून दाखवला. बारा वर्षांनी बोटीवरून परतलेला नवरा आणि त्याची बायको. दुसऱ्या दिवशी विहिरीवर विनीता त्याला म्हणाली, “तुझी ती बायको इतक्या बोलता कित्याक रे? घोव बारा वर्सांनी इलो तर ती पयलां ताका पाणी दितली.”

पुढच्या शुक्रवारी धनेशने तिचं नाव घेऊन ते सांगितलं, आणि तो प्रसंग तीन ओळींचा करून पुन्हा वाचला. ऐकणाऱ्यांना ते फार भावलं. लिहिणारी मुलं एकमेकांच्या संवादांखाली ‘इतक्या बोलतस कित्याक?’, म्हणजे इतकं बोलतोस कशाला, असं लिहून पाठवू लागली.

पॉडकास्टवर जाहिराती घ्यायच्या नाहीत, असा धनेशचा हट्ट होता, आणि पॉडकास्ट काही फुकट चालत नाही. तेव्हा विनीताच म्हणाली, “पिशव्यो करूया. लोक इकत घेतले तर घेतले.” जाड मांजरपाटाची पिशवी, काळ्या अक्षरांत तिचं वाक्य, खाली लाल रंगात ‘सीन पयलो’. शिवणारी ती, छापणारी ती. पुढे पटकथा लिहायला आखलेल्या वह्या आल्या, टी-शर्ट आले. आचऱ्याच्या पोस्टातून पाकिटं नागपूरला, नाशिकला, एकदा तर मस्कतला गेली. पहिलं पाकीट बांधताना विनीताने ती पिशवी उलटसुलट करून बराच वेळ पाहिली होती. त्यावर कुणाच्या लग्नाची तारीख नव्हती. जे होतं ते तिने म्हटलेलं होतं.

डिसेंबरात कुडाळहून तेजस्वी नाईक नावाच्या बाईंचा फोन आला. त्या पटकथा-लेखनाचं मोठं शिबिर घेणार होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला ‘सीन पयलो’ची पिशवी द्यायची होती. तीनशे पिशव्या, गुरुवारी सकाळी नऊच्या आत. धनेश त्या दिवशी स्पष्टच बोलला, “ह्या जमला तर पुढला वर्स निघाला. नायतर जानेवारीत मी मुंबयक जातंय. बोलावणा इलेला आसा.”

एकशेऐंशी पिशव्या छापून कुडाळला पोचत्या झाल्या आणि कौल लागला. रविवारी दुपारी गाव सोडायचं. विनीताने तेजस्वीबाईंना फोन करून विचारून पाहिलं.

“ताई, शिबिराची तारीख कशी बदलणार? माणसं बाहेरगावाहून येतायत,” त्या म्हणाल्या. “आणि सगळ्या पिशव्या एकसारख्या हव्यात हं.”

म्हणून तिने छपाईच वेशीबाहेर न्यायची ठरवलं. टेंपोवाल्या बाळाच्या गाडीत दाजींची बाज, कोंबड्यांची टोपली आणि छपाईचं सामान एकत्र चढलं. त्या घाईत ती चौकट राहिली.

धनेश आला तेव्हा तिने त्याला एवढंच सांगितलं, “लाल घराकडे रवली.”

त्याने एकदा गावाच्या दिशेला पाहिलं. “आता?”

“आता काय, बघूया. काळा तरी छापून घेतंय.”

“मी येतंय वायच,” असं म्हणून तो निघून गेला. पाणी आणायला गेला असेल, असं तिला वाटलं.

काळ्याचा हात मारता मारता तिला पत्र्याचे छाप आठवले. नारळाच्या पोत्यांवर व्यापारी अक्षरं कापलेला पत्रा ठेवून वरून रंग मारतात, तसे. पत्रा नव्हता. पण दाजींच्या औषधांच्या पिशवीत त्यांचे एक्स-रे असत. ते कुठेही गेले तरी ते बरोबर घेत.

“दाजी, तुमचो एक्स-रे व्हयो माका.”

“खंयचो? गुडघ्याचो काय छातीचो?”

“पयलो गुडघ्याचो. कापूचो आसा.”

दाजींनी गुडघ्यावरून हात फिरवला. “गुडघो काय आता बरो होवचो नाय. काप.”

गुडघा वाया गेला. तिने ‘प’ कापला आणि मधला तुकडा सुटून हातात आला, कारण वरच्या रेघेने तो चारी बाजूंनी बंद झाला होता. पुढे ‘य’चं तेच झालं. तेव्हा तिला कळलं, की रेघ प्रत्येक अक्षरावर तोडावी लागणार, अक्षरातही बारीक पट्ट्या सोडाव्या लागणार. दाजींच्या छातीचा एक्स-रे तिने टेबलावर घेतला. आता तिसरा नव्हता. ब्लेड ती जपून ओढू लागली. बाहेर कुणी हाक मारली तरी तिने मान वर केली नाही.

‘सीन’ कापून झालं होतं, तेव्हा धनेश परत आला. काखेत तांदळाचं रिकामं पोतं, पोत्यात काहीतरी चौकोनी. त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल होता. त्याने पोतं टेबलाशी टेकवलं आणि तोंड उघडून दाखवलं. लाल चौकट.

विनीताच्या हातातलं ब्लेड थांबलं.

“गावात धा मिन्टांच हुतंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “खाडयेच्या अंगान गेलंय, कुलूप काडलंय, फ्रेम घेतलंय, भायर. कोणी बघूक नाय.”

“चावी?”

“तुझ्या पिशवीतली घेतलंय.”

“माका इचारलंस?”

“इचारलं असतंय तर तू नको म्हणली असतंस.”

“म्हणजे तुका ठावक हुता,” विनीता म्हणाली. “तुझो देवार इश्वास नसात. माझो किती आसा ता मीय सांगूक शकणंय नाय. पण आठ हजार माणसां तीन दिवस भायर रवतत. म्हातारी माणसां गारठ्यात झोपतत. आनि तू माझ्या घराचा कुलूप काडलंस.”

“तुझ्यासाठीच केलंय ना? पिशव्यो...”

“माझ्यासाठी नको बोलू.”

तेवढ्यात राहुटीच्या तोंडाशी सावली पडली. पलीकडच्या राहुटीतली शर्मिला पाण्याची कळशी घेऊन चालली होती. तिने पोत्याकडे पाहिलं, धनेशच्या पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं, आणि तशीच पुढे गेली.

ती चौकट वापरली असती तर संध्याकाळपर्यंत सगळं काम उरकलं असतं. अगदी पहिल्या एकशेऐंशीसारख्याच पिशव्या झाल्या असत्या. विनीताने चौकटीकडे पाहिलं, जाळीवर तिच्याच हातचं अक्षर होतं. मग तिने पोत्याचं तोंड गुंडाळलं आणि ते उचलून बाजेवर बसलेल्या दाजींच्या पुढ्यात ठेवलं.

“दाजी, धनेशान गावात जावन ही फ्रेम हाडल्यान,” ती म्हणाली. “मी ती वापरतलंय नाय.”

दाजींनी पोतं बाजेखाली सरकवलं. बराच वेळ ते खोकत राहिले. मग धनेशला म्हणाले, “जा. मानकऱ्यांक तूच सांग. दुसऱ्या कोणी सांगूच्या आदी सांग.”

धनेश गेला. तास झाला, दीड तास झाला. विनीताने ‘पयलो’ कापायला घेतलं, पण नजर वाटेवर जात होती. तो परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मानकऱ्यांनी आरडाओरडा केला नव्हता. माणसं गोळा केली, नारळ ठेवून घेतला, आणि ह्या पोराकडून चूक झाली ती पदरात घे, असं देवाला गाऱ्हाणं घातलं. सगळं होईपर्यंत तो मान खाली घालून मधोमध उभा होता. आणि त्याला बजावलं होतं, की परतीचा कौल होईपर्यंत माळ सोडून कुठेही जायचं नाही.

मंगळवार त्या दोघांनी एका टेबलाच्या दोन बाजूंना काढला. ती काळं मारी, तो पिशवी उचलून काजूंच्या झाडांमधल्या दोरीवर टाकी. काळं वाळलं की ती एक्स-रे ठेवून स्पंजने लाल टिपी. अक्षरं तुटक येत होती, पण स्वच्छ येत होती. दंव इतकं पडत होतं, की सकाळचे दोन तास शाई धरेचना. कुणाचं तरी वासरू सुटून आलं आणि एका पिशवीचा बंद चघळून गेलं. एरवी ह्यावर हसून झालं असतं. पण त्या दिवशी त्यांच्या राहुटीकडे कुणी फिरकलंच नाही. आदल्या दिवशी बायका छपाई बघायला गर्दी करत होत्या, त्या आता लांबून वळसा घालून जात होत्या. दोरीखाली खेळणाऱ्या एका पोरीला तिच्या आईने हाताला धरून नेलं.

बुधवारी सकाळी सगळा माळ कौलाची वाट बघत उभा होता. सामान बांधलेलं, गुरं सोडलेली. अकरा वाजले, बारा वाजले. मग निरोप आला: कौल नाही. आणखी एक रात्र.

माळावर कुजबुज सुरू झाली, आणि ती ज्या दिशेला वळली तिथे धनेश उभा होता. तान्ही पोरं होती, दुखणाईत माणसं होती, पिण्याचं पाणी संपत आलं होतं. शर्मिला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कोणामुळे अडलाहा ता सगळ्यांक ठावक आसा. पिशव्यांसाठी गावाचो खेळ केल्यानी.”

धनेशने तोंड उघडलं, पण विनीता त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली.

“काम माझा हुता,” ती म्हणाली. “फ्रेम माझी रवलली. तो गेलो ती चूक ताची, ती ताणा कबूल केल्यान. आता बोलूचा आसात तर माका बोल, शर्मिला. माझ्या तोंडार बोल.”

“बोलतंय मगे,” शर्मिला म्हणाली. “माझ्या चेडवाच्या लग्नाची पत्रिका तुझ्याकडे देवची हुती. आता नको.”

“बरा,” विनीता म्हणाली.

काठी टेकत दाजी पुढे आले. “माझ्या आयुष्यात दोनदा कौल अडलो,” ते म्हणाले. “तेवा कोण गावात जावक नव्हतो. देवाच्या मनातला कोणाक कळता? गप बसा आता. जेवणा करा.” त्यांचं वय शहात्तर होतं. लोक गप्प बसले, पण कुणाचं मन वळलं असं विनीताला वाटलं नाही.

संध्याकाळी बाळा येऊन सांगून गेला, “वयनी, उद्या टेंपो नाय हाडूक शकणंय. लोक बोलतत.”

म्हणजे पिशव्या आता तिलाच न्याव्या लागणार होत्या. धनेशला माळ सोडता येत नव्हता. गुरुवारी फटफटताना तिने साठ-साठ पिशव्यांची दोन गाठोडी बांधली. धनेशने ती माळाच्या टोकाला तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यापर्यंत, त्याला जाता येईल तिथपर्यंत, डोक्यावरून आणली. पहिली एसटी वीस मिनिटं उशिरा आली. कंडक्टर गाठोड्यांवरून कुरकुरला. कणकवलीला कुडाळची गाडी तिच्या डोळ्यांदेखत सुटली आणि पुढच्या गाडीसाठी ती घड्याळाकडे बघत फलाटावर उभी राहिली. पावणेआठ. आठ. गाडी आली तेव्हा बसायला जागा नव्हती. एक गाठोडं पायांत, एक पोटाशी. रिक्षातून उतरून ती शिबिराच्या सभागृहाच्या पायऱ्या चढली तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेजस्वीबाई दारातच होत्या. त्यांनी एक पिशवी उलगडली, आणि आधीच्या एकशेऐंशीतली एक शेजारी धरली.

“हे नाव तुटक छापलंय. आपण म्हटलं होतं ना, सगळ्या एकसारख्या?”

विनीताने एसटीत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. गावपळण, कौल, एक्स-रे. त्यातलं तिने फारसं सांगितलं नाही.

“चौकट गावात राहिली आणि गाव बंद होतं, मॅडम. हे अक्षर हाताने कापून मारलंय. शाई पक्की आहे, धुतली तरी जाणार नाही. चालत नसतील तर मी परत नेते.”

तेजस्वीबाईंनी अंगठा ओला करून ‘सीन’वर घासला. अंगठ्याला लाल लागलं नाही. त्यांनी पुन्हा घासला. आत माणसं खुर्च्यांवर बसू लागली होती.

“ठेवा,” त्या शेवटी म्हणाल्या. पण बाहेरगावच्या पाहुण्यांना त्यांनी चौकटीने छापलेल्या पिशव्या दिल्या, आणि ही दोन गाठोडी स्थानिक मुलांसाठी मागच्या टेबलावर ठेवायला सांगितली. विनीताला ते लागलं. मागच्या रांगेत बसून तिने पहिलं सत्र ऐकलं, कारण परतीच्या गाडीला वेळ होता. वक्ते प्रसंगाच्या शेवटाबद्दल बोलत होते. त्यातलं अर्धंअधिक तिला ठाऊक होतं, हे लक्षात येऊन ती जरा ताठ बसली. साडेअकराला फोन थरथरला. धनेशचा एका शब्दाचा निरोप होता: झालो. कौल मिळाला होता.

ती संध्याकाळी पोचली तेव्हा गावात घराघरांतून धूर निघत होता. दाजींनी पडवी झाडून घेतली होती आणि लाल चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती.

धनेशला ह्या सगळ्यावर एक भाग करायचा होता. “ऐकणारे खुर्चीर बसान ऱ्हवतले,” तो म्हणाला.

“नाय,” विनीता म्हणाली. “त्यात शर्मिला आसा, बाळा आसा. तेंका इचारून करूचा तर कर.” त्याने केला नाही. त्या शुक्रवारी तो एकाच प्रसंगावर बोलला: माफी मागणारा माणूस. उदाहरण कुठलं ते त्याने सांगितलं नाही.

जानेवारीत तो मुंबईला गेला नाही. कुडाळच्या शिबिरातल्या मुलांनी वह्या मागवल्या, त्यातून पणजीच्या एका कॉलेजची मागणी आली. पॉडकास्ट चालू आहे. पाकिटांवर पाठवणाऱ्याचं नाव म्हणून आता दोघांची नावं असतात. तिचं वर घालायचं हे धनेशनेच ठरवलं. गावातली छपाई मात्र त्या वर्षी कमी झाली. दोन लग्नपत्रिका बाहेर गेल्या, आणि भजनी मंडळाने बॅनर मालवणात करून घेतला.

मार्चमध्ये शर्मिला मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. पत्रिका कणकवलीला छापलेली होती. विनीताने ती दोन्ही हातांनी घेतली, पूर्ण वाचली, आणि देवापुढे ठेवली. शर्मिला पडवीत बसली. टेबलावर वह्यांचे गठ्ठे होते, त्यांच्याकडे ती थोडा वेळ बघत राहिली.

“तुका छापूक दिलंय नाय म्हणान राग इलो काय गो?”

“इलो हुतो,” विनीता म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.